घरातील कचरा: कमी करणे, पुन्हा वापरणे आणि पुनर्चक्रण – प्रत्यक्षात काय जमते?

पाणवठा (पुणे)

कचरा कमी करणे, वस्तू पुन्हा वापरणे आणि तिचे पुनर्चक्रण करणे ही तिन्ही कामे आपण एका दमात उच्चारतो, त्यामुळे तिन्हींचे मोल सारखेच आहे असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांच्यात उतरती भाजणी आहे. जी पिशवी घरात आलीच नाही ती धुवावी लागत नाही, वाहून न्यावी लागत नाही आणि वितळवावीही लागत नाही. पुन्हा वापरलेल्या बरणीला फक्त धुण्यापुरते पाणी लागते. पुनर्चक्रणाला मात्र वाहन, वीज, मनुष्यबळ आणि तयार मालाला गिऱ्हाईक या चारही गोष्टी लागतात; त्यांतली एक जरी नसली, तरी आपण निगुतीने वेगळी ठेवलेली वस्तू शेवटी कचरा डेपोवरच जाते. सोसायट्यांच्या बैठकांत तिसऱ्या पायरीवर पुष्कळ चर्चा होते आणि पहिल्या दोन पायऱ्या विसरल्या जातात, म्हणून हा धागा काढत आहे.

कायद्याने आपल्यावर काय बंधने आली, ते आधी सांगते. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक घराला कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक अशा तीन भागांत वेगळा करूनच देण्यास सांगितले. सॅनिटरी पॅड आणि डायपर नीट गुंडाळून द्यावेत, हेही त्याच नियमांत होते. महाराष्ट्रात 2018 च्या मार्चमध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना निघाली आणि 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ अशा वस्तू बंद झाल्या. नियम चांगले आहेत, परंतु नियमाने घरातली सवय बदलत नाही; ती स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बदलते.

माझ्या अनुभवात सर्वांत मोठा फरक पडला तो सुका कचरा खरोखर सुका ठेवल्याने. खरकटे लागलेला कागद, सॉसचा थर असलेली बाटली आणि चहाची भुकटी सांडलेला पुठ्ठा यांना भंगारात किंमत उरत नाही, शिवाय ते सोबतचा स्वच्छ मालही खराब करतात. दुधाची पिशवी हे याचे उत्तम उदाहरण आहे. ती चांगल्या प्रतीच्या पातळ प्लास्टिकची असते आणि भंगारवाले ती आनंदाने घेतात, पण धुऊन वाळवलेली असेल तरच. आमच्याकडे पिशवी थोड्या पाण्याने विसळून ते पाणी कणीक भिजवायला वापरतात आणि पिशवी उलटी करून दोरीवर अडकवतात. कापताना तिचा कोपरा पूर्ण वेगळा करू नये, पिशवीलाच लटकता ठेवावा, कारण तो एवढासा त्रिकोणी तुकडा कोणाच्याही हाती लागत नाही आणि गटारातून थेट नदीत जातो.

हा सुका कचरा पुढे कोणाच्या हातात जातो, याचाही विचार व्हावा. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे दारोदार कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. आपण मिसळून टाकलेला कचरा याच लोकांना, बहुतांशी स्त्रियांना, हाताने निवडावा लागतो. वापरलेला पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम ‘स्वच्छ’ने याच कारणाने चालवली: पुडी उघडण्याआधी तीत काय आहे हे हाताळणाऱ्या व्यक्तीला कळावे. या साध्या गोष्टीला खर्च काहीही नाही आणि तरीही ती फार थोड्या घरांत होते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता कमी करण्याविषयी. गिरणीत जाताना आपण दळणाचा डबा घरून नेतो, गिरणीवाल्याकडे पिशवी मागत नाही आणि त्यात आपल्याला काही विशेष केल्यासारखेही वाटत नाही. हीच रीत इडलीचे पीठ, पनीर, चक्का, फरसाण, मिठाई, मटण आणि घाण्यावरचे तेल यांना लावता येते. झाकणाचे दोन स्टीलचे डबे आणि एक किटली पिशवीत कायम ठेवली की आठवणीवर विसंबावे लागत नाही. दुकानदाराला मात्र रिकाम्या डब्याचे वजन आधी करून घ्यायला सांगावे. भाजीसाठी जुन्या सुती ओढणीच्या किंवा मच्छरदाणीच्या कापडाच्या लहान पिशव्या शिवल्या, तर टोमॅटो, मिरच्या आणि कोथिंबीर वेगवेगळी राहते आणि भाजीवाल्याला पातळ पिशव्या काढाव्याच लागत नाहीत.

आपापल्या गावात काय चालते, ते गावाच्या उल्लेखासह लिहावे, कारण व्यवस्था प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे.

कातरवेळ (सातारा)

उत्तम विषय. आमच्याकडचा भंगारवाला काही प्लास्टिक घेतो आणि काही परत करतो. एकदा घेतलेली वस्तू दुसऱ्या वेळी नाकारतो, असेही होते. यामागे काही नियम आहे का?

पाणवठा (पुणे)

कातरवेळ, नियम आहे, आणि तो वस्तूच्या तळाशी छापलेला असतो. त्रिकोणात 1 ते 7 पैकी एक आकडा असतो. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या 1 क्रमांकाच्या. शॅम्पू, फिनेल आणि डिटर्जंटचे जाड अपारदर्शक डबे बहुधा 2 क्रमांकाचे. दुधाच्या आणि इतर पातळ पिशव्या 4 क्रमांकाच्या, तर हॉटेलातून येणारे काळे-पांढरे डबे आणि बाटल्यांची बरीच झाकणे 5 क्रमांकाची. यांना बाजार आहे. 3 क्रमांक म्हणजे पीव्हीसी आणि 6 म्हणजे थर्माकोलच्या जातीचे प्लास्टिक. यांचे गिऱ्हाईक शोधणे कठीण. थर्माकोल तर इतका हलका असतो की तो वाहून नेण्याचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. 7 क्रमांकात उरलेले सर्व येते.

चिप्स, बिस्किटे आणि मसाल्यांची चकचकीत पाकिटे ही खरी अडचण आहे. त्यांत प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते किफायतशीरपणे सुटे करता येत नाहीत. अशा पाकिटांचे पुनर्चक्रण होईल या आशेवर ती विकत घेण्यापेक्षा फरसाण सुटे आणणे आणि मसाला वर्षाचा एकदम करून बरणीत भरणे हाच खरा उपाय आहे. वस्तू कधी घेतली जाते आणि कधी नाही, याचे दुसरे कारण म्हणजे भाव. कच्च्या तेलाचे दर उतरले की नवे प्लास्टिक स्वस्त होते आणि जुन्याची मागणी घटते. पुनर्चक्रण तिसऱ्या पायरीवर आहे असे मी वर म्हटले, ते यासाठीच.

धातूचे मात्र तसे नाही. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला, ते खनिजापासून नव्याने काढण्याच्या तुलनेत सुमारे 95 टक्के कमी ऊर्जा लागते, म्हणून त्याला भंगारात कायम भाव असतो. फॉइलचे स्वच्छ तुकडे एकेक फेकू नयेत. ते दाबून मोठा गोळा होईपर्यंत साठवावेत.

गच्चीवरची बाग (ठाणे)

ओल्या कचऱ्याविषयी सविस्तर लिहितो, कारण आपल्या शहरांतल्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच असतो. डेपोवर ढिगाखाली दबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, त्यातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीस-तीस पट अधिक उष्णता धरून ठेवतो. मुंबईतल्या देवनारचा डेपो 1927 पासूनचा आहे. 2016 च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर पूर्व उपनगरांनी कित्येक दिवस श्वासातून घेतला. घरातले देठ आणि साली घरातच जिरवल्या तर या साखळीचा आरंभच होत नाही.

सदनिकेत खत करायला फार जागा लागत नाही. झाकणाची बादली किंवा मातीची उंच कुंडी घ्यावी, तिच्या बाजूंना आणि तळाला भोके पाडावीत, खाली ताटली ठेवावी. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा किंवा करवंट्यांच्या तुकड्यांचा थर द्यावा, त्यावर मूठभर तयार खत किंवा शेणकाला घालावा. त्यानंतर रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकावा आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच, शक्य झाल्यास थोड्या अधिक, आकारमानाचा कोरडा माल वर पसरावा. कोरडा माल म्हणजे वाळलेला पालापाचोळा, कोकोपीट, लाकडाचा भुसा किंवा फाडलेला साधा पुठ्ठा. यामागचे कारण असे की कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना एक भाग नत्रामागे पंचवीस ते तीस भाग कर्ब लागतो. भाजीपाल्यात नत्र जास्त असते, पाचोळ्यात कर्ब जास्त असतो. हे प्रमाण सांभाळले की वास येत नाही, आणि बिघडले की कितीही महागडी पावडर टाकली तरी येतो.

ओलाव्याची परीक्षा हाताने करावी. मूठभर मिश्रण दाबल्यावर गोळा व्हावा, हाताला ओल लागावी, पण पाणी गळू नये. गळत असेल तर कोरडा माल घालावा, गोळा होतच नसेल तर आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडावे. दोन-तीन दिवसांनी सगळे खालीवर करावे, कारण हवा हाच या प्रक्रियेचा प्राण आहे. मिश्रण आतून गरम लागले तर ते चांगले लक्षण आहे. बादली भरल्यावर ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करावी. पहिलीतले खत साधारण दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत आणि पावसाळ्याच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीच्या वासाचे होते. तयार झाले की नाही याची शंका असल्यास थोडे खत पिशवीत दोन दिवस बंद करून ठेवावे. उघडल्यावर दुर्गंध आला तर ते अजून कच्चे आहे. चाळणीवर उरलेले जाड तुकडे पुढच्या बादलीत विरजण म्हणून घालावेत.

आंब्याच्या कोयी, नारळाच्या करवंट्या (तळाच्या थराखेरीज) आणि हाडे कुजायला फार काळ घेतात, ती घरच्या बादलीत टाकू नयेत. शिजलेले अन्न थोडे चालते, मात्र रस्सा निथळून घ्यावा आणि कोरडा माल दुप्पट घालावा. चहाच्या काही पिशव्यांत प्लास्टिकचा धागा असतो आणि कागदी पेल्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो. ‘कागदी’ आहे एवढ्यावरून या वस्तू बादलीत जाऊ देऊ नयेत.

लिंबोणी (नाशिक)

वरच्या पद्धतीने सुरुवात केली आहे. बादलीत पांढुरक्या-तपकिरी, जाड अळ्या झाल्या आहेत आणि घरातल्या मंडळींनी ती बादली बाहेर ठेवण्याचा आग्रह धरला आहे. औषध मारावे का?

गच्चीवरची बाग (ठाणे)

लिंबोणी, कृपया औषध मारू नका. त्या अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या आहेत. त्या अन्नाचे उरलेले भाग फार वेगाने संपवतात आणि त्यांची माशी घरमाशीसारखी ताटावर येऊन बसत नाही. त्या नकोच असतील, तर त्यांचे निमंत्रण काढून घ्यावे: शिजलेले अन्न काही दिवस बंद करावे, वर पाचोळ्याचा बोटभर जाडीचा थर कायम ठेवावा आणि झाकणाच्या भोकांना सुती कापड बांधावे. ओलावा कमी झाला की अळ्या आपोआप कमी होतात. पांढरी बुरशी दिसली तर तीही कामाचीच आहे. वासाचे दोन प्रकार लक्षात ठेवावेत. नवसागरासारखा झोंबणारा वास म्हणजे पाचोळा कमी पडला. सडका वास म्हणजे हवा कमी पडली.

घरातल्यांचा विरोध असेल तर पहिला महिना बादलीत फक्त कच्च्या भाजीपाल्याचे देठ, साली, चहाचा चोथा आणि देवाचे निर्माल्य एवढेच घालावे. यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते आणि पहिले खत कुंडीत पडले की मत बदलते.

साधा प्रश्न (मुंबई)

धाग्यातल्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, पण ‘पुन्हा वापर’ या नावाखाली चाललेल्या दोन गोष्टींवर आक्षेप नोंदवायचा आहे.

पहिली म्हणजे कापडी पिशव्यांचा साठा. प्रत्येक समारंभात, प्रदर्शनात आणि दुकानात आता कापडी पिशवी भेट मिळते आणि एका घरात पंधरा-वीस पिशव्या जमतात. कापूस पिकवायला पाणी, जमीन आणि खते लागतात. अशी पिशवी वर्षानुवर्षे, फाटेपर्यंत वापरली तरच ती प्लास्टिकपेक्षा हितकारक ठरते. नवी पिशवी नाकारणे हेही कमी करण्यातच मोडते. ज्या घरांत जुन्या चादरी आणि पँटी आहेत, त्यांना नव्या कापडाच्या पिशवीची गरज नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्या कापून केलेल्या कुंड्या आणि शोभेच्या वस्तू. पाण्याची बाटली उन्हात काही काळ राहिली की ठिसूळ होते आणि तिचे बारीक तुकडे मातीत मिसळतात. जी बाटली भंगारवाल्याने विकत घेतली असती आणि जिच्यापासून धागा तयार झाला असता, ती आपण अशा रीतीने कायमची बाद करतो. शाळांतून मुलांना ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून हे करायला सांगितले जाते. मुलांच्या उत्साहाचे मला कौतुक आहे, परंतु ज्या वस्तूला भंगारात गिऱ्हाईक आहे ती प्रकल्पासाठी घेऊ नये, आणि ज्या प्रकल्पासाठी रंग, सोनेरी चकाकी व गोंद नव्याने विकत आणावा लागतो तो कचरा वाढवणारा प्रकल्प आहे, असे शिक्षकांनी समजून घ्यावे. काचेची बरणी मात्र कितीही वेळा वापरता येते. तिचे झाकण जपावे, एवढेच.

वऱ्हाडवाट (अमरावती)

वरच्या आक्षेपाला माझे पूर्ण अनुमोदन आहे. आपल्याकडे पुन्हा वापराच्या ज्या रीती होत्या, त्या शोभेच्या नव्हत्या, गरजेच्या होत्या, म्हणून टिकल्या. जुन्या लुगड्यांची गोधडी हे त्यातले सर्वांत सुंदर उदाहरण. मऊ झालेले सुती पातळ वर आणि खाली, मध्ये फाटक्या कपड्यांचे थर आणि चारी बाजूंनी आत आत येणारे धावदोऱ्याचे टाके. आज कपाटात सुती कमी आणि सिंथेटिक जास्त असते, त्यामुळे अंगावर घ्यायची गोधडी प्रत्येकाला जमणार नाही, पण सतरंजीवर अंथरायची किंवा पाळण्यात घालायची लहान दुपटी अजूनही घरातल्या कपड्यांतून होतात. गोधडी शिवून देणाऱ्या बाया अनेक गावांत आहेत. आपण कपडे द्यावेत आणि त्यांच्या टाक्यांचे चोख पैसे द्यावेत.

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आता अपार्टमेंटच्या फाटकातून आत येऊ शकत नाही. ती घेतलेले कपडे निवडते, दुरुस्त करते आणि जुन्या बाजारात विकते. म्हणजे आपण ज्याला व्यवस्था म्हणतो ती तिच्याजवळ पिढ्यान् पिढ्या तयार आहे. सोसायटीने महिन्यातला एक दिवस ठरवून तिला आणि भंगारवाल्याला आत बोलवावे, ही माझी सूचना आहे. अनेक गावांत ‘माणुसकीची भिंत’ उभारली गेली. तिथे कपडे ठेवताना ते धुतलेले आणि बटणे शाबूत असलेले असावेत. फाटका कपडा तिथे ठेवणे म्हणजे आपला कचरा गरिबाच्या अंगावर टाकणे होय. फाटक्यांची फडकी करावीत.

लग्नाच्या पंगतीविषयीही लिहावेसे वाटते. विदर्भात पळस मुबलक आहे आणि पळसाच्या पानांच्या पत्रावळी व द्रोण जेवणानंतर थेट खड्ड्यात जिरतात. बाजारात अलीकडे पत्रावळीसारखी दिसणारी, पण वरून प्लास्टिकचा पातळ थर दिलेली ताटे आली आहेत. घेताना कडा फाडून पाहावी, थर असेल तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. पाण्याच्या लहान बाटल्यांऐवजी तांब्या-पेल्यांची सोय केली, तर एका लग्नातला कचरा निम्मा होतो हे मी अगदी जवळून पाहिले आहे. बचत गटांकडे पंगतीची स्टीलची भांडी भाड्याने मिळत असतील तर त्यांनाच प्राधान्य द्यावे.

खतासंबंधी एक भर घालतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, त्या दिवसांत बादली कोरडी पडून प्रक्रिया थांबते. उन्हाळ्यात ती सावलीत ठेवून वर ओले गोणपाट टाकावे.

माडाची सावली (वेंगुर्ले)

लहान गावाला काय करता येते, याचे उदाहरण म्हणून आमच्या वेंगुर्ल्याचे सांगते. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेने घरातूनच वेगळा केलेला कचरा घेण्याचा आग्रह धरला आणि डेपोवर सुक्या कचऱ्याचे आणखी बारीक वर्गीकरण सुरू झाले. प्लास्टिकचे तुकडे करून ते डांबरी रस्त्यांत वापरले गेले. ज्या जागेवरून नाक दाबून जावे लागे, तिथे आता बाहेरगावचे लोक व्यवस्था पाहायला येतात. यंत्रांपेक्षा माझ्या मते महत्त्वाचे होते ते सातत्य: मिसळलेला कचरा परत केला जातो हे लोकांना एकदा कळले की घरोघरी वेगळे डबे आपोआप आले.

कोकणात गणपतीचे दिवस हा या विषयातला मोठा भाग आहे. शाडूची मूर्ती घरीच बादलीत विसर्जित करावी. माती सुटून तळाशी बसली की ती गाळून, वाळवून पुढच्या वर्षासाठी मूर्तिकाराला देता येते. पुण्यात अशी माती गोळा करून मूर्तिकारांना परत देण्याचा उपक्रम चालतो. मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली पद्धत आहे. पाण्यात साधारण मूर्तीच्या वजनाइतके अमोनियम बायकार्बोनेट विरघळवून त्यात मूर्ती ठेवावी आणि अधूनमधून ढवळावे. दोनएक दिवसांत मूर्ती विरघळते, तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसते आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरते, जे भरपूर पाण्यात मिसळून झाडांना खत म्हणून देता येते. अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून हे काम अंगणात किंवा गच्चीवरच करावे. तरीही लहान, रंग न दिलेली शाडूची मूर्ती आणणे हाच सरळ मार्ग आहे. मखरासाठी थर्माकोलऐवजी घरातल्या साड्या, केळीचे खांब आणि माटवीला (गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला) बांधायची रानफुले-फळे आमच्याकडे पूर्वापार आहेतच.

ऱ्हाईनकाठ (कोलोन, जर्मनी)

इथली एक गोष्ट सांगतो, कारण तिचा महाराष्ट्राशी संबंध जोडता येतो. जर्मनीत 2003 पासून एकदा वापरायच्या पेयांच्या बाटल्यांवर आणि डब्यांवर अनामत रक्कम घेतली जाते, आज ती 25 सेंट आहे. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की रक्कम परत मिळते. पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांवरची अनामत त्याहून कमी असते, बिअरच्या काचेच्या बाटलीला बहुधा 8 सेंट. त्या बाटल्या धुऊन पुन्हा कारखान्यात भरतात. यामुळे रस्त्यावर पडलेली बाटली क्वचितच दिसते.

मुंबईत आरे दुधाच्या काचेच्या बाटल्या अशाच परत जात होत्या, आणि महाराष्ट्राच्या 2018 च्या अधिसूचनेतही दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या पैसे देऊन परत घेण्याची तरतूद होती. ती जर नेटाने अमलात आली, तर पाणवठा यांनी लिहिलेला कोपऱ्याचा तुकडासुद्धा जपला जाईल. ग्राहक म्हणून आपण दुकानदाराकडे आणि लोकप्रतिनिधींकडे हा विषय लावून धरला पाहिजे.

कातरवेळ (सातारा)

घातक कचऱ्याविषयी कोणी लिहिले नाही. जुनी औषधे, ट्यूब, मोबाइलच्या बॅटऱ्या यांचे काय करावे? तळणीच्या उरलेल्या तेलाचाही प्रश्न आहे.

औषधपेटी (अहिल्यानगर)

औषधविक्रीच्या व्यवसायात असल्याने पहिल्या भागाचे उत्तर देते. मुदत संपलेल्या गोळ्या बेसिनमध्ये किंवा शौचालयात टाकू नयेत, कारण सांडपाणी शुद्धीकरणात त्यातले घटक पूर्णपणे निघत नाहीत. 2016 च्या नियमांत मुदतबाह्य औषधे, सीएफएल व ट्यूब, बॅटऱ्या, फुटलेले पाऱ्याचे तापमापक, वापरलेल्या सुया आणि रंगांचे डबे हे सर्व घरगुती घातक कचऱ्यात धरले होते आणि ते वेगळे द्यायला सांगितले होते. सुया टोपण लावून जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवाव्यात आणि बाटलीवर ठळक लिहावे. मुळात कमी करायचे असेल तर डॉक्टरांनी पाच दिवसांचे औषध लिहिले असताना पूर्ण पाकीट घेण्याचा आग्रह धरू नये. मोजून गोळ्या मागाव्यात, मात्र मुदतीची तारीख छापलेला तुकडा जपून ठेवावा. प्रतिजैविकांचा क्रम मात्र अर्धवट सोडून गोळ्या उरवू नयेत.

मोबाइल आणि लॅपटॉपच्या बॅटऱ्या सुक्या कचऱ्यात कधीही टाकू नयेत. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेते. टोकांवर चिकटपट्टी लावून त्या ई-कचरा संकलनाच्या ठिकाणी द्याव्यात. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि उत्पादकांवर जबाबदारी टाकतात. पुण्यात पूर्णम इकोव्हिजनसारख्या संस्था ई-कचरा गोळा करण्याच्या मोहिमा घेतात. चालू असलेला जुना फोन मात्र आधी दुरुस्त करून कोणाला उपयोगी पडतो का, ते पाहावे.

तेलाचे सांगते. बेसिनमध्ये ओतलेले तेल नळीत थिजते आणि वाट बुजवते. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात आरोग्याला अपायकारक घटक वाढत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 पासून व्यावसायिकांसाठी अशा ध्रुवीय घटकांची मर्यादा 25 टक्के ठरवली आहे. घरी लहान, खोल कढईत थोड्या तेलात तळावे, उरलेले गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवावे.

लिंबोणी (नाशिक)

अळ्यांची समस्या मिटली, आभार. आणखी एक विचारायचे आहे. आमच्या शुद्धीकरण यंत्रातून रोज बरेच पाणी वाया जाते. ते कुंड्यांना घालावे का? आणि संत्र्या-मोसंब्याच्या साली बादलीत लवकर कुजत नाहीत, त्यांचे काय करावे?

गच्चीवरची बाग (ठाणे)

आरओ यंत्रातून बाहेर टाकलेल्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात, म्हणून ते रोज एकाच कुंडीला घालू नये, माती खारवते. फरशी पुसणे, स्वच्छतागृह धुणे आणि भांड्यांचे पहिले विसळणे यांना ते चालते. त्याआधी आपल्या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण तपासून घ्या. पालिकेच्या पाण्यात ते कमी असेल तर आरओ यंत्राची गरजच नसते, साधे गाळणारे आणि अतिनील किरणांचे यंत्र पुरते आणि वाया जाणारे पाणी मुळातच थांबते.

सालींसाठी एक भाग गूळ, तीन भाग साली आणि दहा भाग पाणी असे प्रमाण घेऊन ते प्लास्टिकच्या बाटलीत भरावे, वर थोडी जागा रिकामी ठेवावी. काचेची बाटली वायूच्या दाबाने फुटू शकते, म्हणून ती घेऊ नये. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू बाहेर जाऊ द्यावा आणि एकूण तीन महिन्यांनी द्रव गाळून घ्यावा. पाण्यात मिसळून फरशी पुसायला आणि ओट्यावरचा चिकटपणा काढायला तो चांगला आहे. निर्जंतुक करणारे द्रव्य म्हणून मात्र त्यावर विसंबू नये, आजारी माणसाच्या खोलीत नेहमीचे जंतुनाशकच वापरावे. गाळून उरलेला सालींचा चोथा आता मऊ झालेला असतो, तो खताच्या बादलीत पाचोळ्याबरोबर घातला की सहज कुजतो.